मोबदला आला, भरपाईचं काय?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.)

परवा आमच्या कबड्डीच्या जुन्या ग्रुपवर एकाने बातमी टाकली. अमेरिकेतली कॉलेजं आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देतात. एका कॉलेजला वर्षाला २ कोटी डॉलरपर्यंत वाटायची मुभा आहे. आपल्या हिशोबाने पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. ग्रुपवर लगेच सुरू झालं. "आपण चुकीच्या देशात जन्मलो राव." "आपल्याला दोन केळी आणि ग्लुकोजचा पुडा." मग एक जण जरा गंभीरपणे म्हणाला, "पण कॉलेजात शिकायला जातात की कमवायला? शिक्षण फुकट मिळतंय, अजून काय पाहिजे?"

त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि उजवा गुडघा आठवला. तो रोजच आठवतो म्हणा, जिना उतरताना.

१९९४ साल. मी एसवायला. आमचं कॉलेज विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात. तिसऱ्या चढाईला मला डाव्या कोपऱ्याने घोट्यात धरलं आणि त्याच वेळी मधल्याने अंगावर उडी घेतली. गुडघ्यातून असा आवाज आला की पंचांनीच शिट्टी वाजवली. सामना आम्ही जिंकलो. ढाल अजून कॉलेजच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे. मला मिरजेला नेलं. ऑपरेशनचा खर्च ऐकून वडील दवाखान्याबाहेर बाकावर बसून राहिले. मग म्हैस विकली.

नंतर वडील कॉलेजच्या ऑफिसात गेले. काही मदत होते का बघायला. क्लार्क माणूस वाईट नव्हता. त्याने खरंच फाइल काढून बघितली. म्हणाला, "काका, हा कॉलेजचा नोकर असता तर काहीतरी बघता आलं असतं. विद्यार्थी आहे. कुठल्या हेडखाली टाकू?" वडिलांनी हात जोडले आणि परत आले. क्रीडागुण मात्र मिळाले मला. पूर्ण दहा.

हे वाक्य, "नोकर नाही, विद्यार्थी आहे," मी जवळपास विसरलो होतो. कॉलेजच्या खेळांचा अमेरिकेतला इतिहास वाचायला लागलो तेव्हा ते तसंच्या तसं पुन्हा समोर आलं. १९५७ सालचं. कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातलं. आणि तिथे प्रश्न गुडघ्याचा नव्हता, मेलेल्या माणसाचा होता.

म्हणून ही पोस्ट.

आधी तिकडचा पसारा काय आहे ते थोडक्यात. आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे मैदानाभोवती पन्नास पोरं, दोन सर आणि एक चहावाला. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांवर आहे. आपल्या वानखेडेच्या तिप्पट. खेळ त्यांचा फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन एकमेकांवर आदळण्याचा. कॉलेजांच्या बास्केटबॉलची एक स्पर्धा मार्चमध्ये असते. तिच्या टीव्ही हक्कांसाठी २०१० साली १४ वर्षांचा करार झाला तो १,०८० कोटी डॉलरचा. पुढे तो २०३२ पर्यंत वाढवला, त्यासाठी आणखी ८८० कोटी डॉलर. बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण, तर राज्यपाल नाही, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच.

आणि या सगळ्याचा कणा असलेल्या पोरांना २०२१ पर्यंत फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि शेवटच्या काही वर्षांत थोडाफार वरखर्च सोडून काहीही घ्यायला बंदी. स्वतःची सही विकली तरी निलंबन.

आता लोक म्हणतात, पूर्वी कॉलेजचा खेळ शुद्ध होता, पैशाने बाटवला. हे खरं नाही. अगदी पहिल्या दिवसापासून नाही.

अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १८५२ ची. हार्वर्ड विरुद्ध येल, होड्यांची शर्यत, न्यू हॅम्पशायरमधल्या एका तलावावर. ती भरवली कुणी? रेल्वे कंपनीने. त्या भागात नवीन लोहमार्ग टाकला होता, प्रवासी हवे होते. कंपनीने पोरांचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च उचलला. पोरं म्हणाली, आठ दिवस सुट्टी होतेय, चला. लोक गाड्या भरून आले. हार्वर्ड जिंकलं, बक्षीस म्हणून चांदी जडवलेली वल्ही मिळाली. तिकिटाचे पैसे कुणी मोजले ते सांगायला नको.

मग "हौशी खेळाडू" ही कल्पना आली कुठून? इंग्लंडमधून. एकोणिसाव्या शतकात तिथल्या उच्चभ्रू लोकांनी ठरवलं की खरा सज्जन माणूस खेळतो तो आनंदासाठी, पैशासाठी नाही. ऐकायला छान. पण तिथल्या नौकानयन क्लबांच्या नियमांत हौशी कोण नाही याची यादी असायची, तिच्यात हाताने काम करणारा मजूर, कारागीर हे लोक होते. म्हणजे तो शर्यतीचे पैसे घेतो म्हणून बाद नव्हे. तो मजुरी करतो म्हणूनच बाद. ज्याच्या घरी खायला आहे त्यानेच खेळायचं, असा साधा अर्थ.

या नियमाने केवढा अन्याय केला त्याचं मोठं उदाहरण जिम थॉर्प. अमेरिकेच्या आदिवासी समाजातला मुलगा, कार्लाइलच्या आदिवासी मुलांच्या शाळेत शिकणारा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्ही सुवर्णपदकं त्याची. पुढच्या वर्षी उघड झालं की आधी दोन उन्हाळे तो एका छोट्या बेसबॉल लीगमध्ये किरकोळ पैशांवर खेळला होता. उन्हाळ्यात असं खेळणारी कॉलेजची पोरं खूप होती. हुशार पोरं खोटं नाव लावायची. थॉर्पने स्वतःचं नाव लावलं. पदकं काढून घेतली. १९५३ मध्ये तो वारला. पदकं घरच्यांना परत मिळाली १९८२ नंतर, तीही संयुक्त विजेता म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडलं.

आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधव निघाले तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापूर-सातारा भागात आजही लोक सांगतात. ऑलिंपिक तेव्हा "हौशी" लोकांचं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण ते मोल कुणाला तरी द्यावंच लागतं. खाशाबांच्या वेळी गावाने आणि एका मास्तराने दिलं.

असो. परत अमेरिकेत.

१९०५ चा हंगाम भयानक गेला. वर्तमानपत्रांनी मोजलं, फुटबॉल खेळताना शाळा-कॉलेजची १८ पोरं मेली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून सांगितलं, हे आवरा. त्यातून १९०६ मध्ये कॉलेजांची एक संघटना झाली, १९१० पासून तिचं नाव एनसीएए. हे लक्षात ठेवा. ही संघटना जन्मली ती पोरं मरत होती म्हणून. पण तिच्या पहिल्याच नियमांत एक नियम असाही होता की खेळाच्या बदल्यात विद्यार्थ्याला पैसे द्यायचे नाहीत.

नियम कागदावर. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने शंभरावर कॉलेजांची पाहणी केली तर बहुसंख्य कॉलेजं कुठल्या ना कुठल्या वाटेने खेळाडूंना पैसे देत होती. कुणी माजी विद्यार्थ्यांकडून, कुणी नावापुरती नोकरी देऊन. १९४८ मध्ये एनसीएएने कडक आचारसंहिता आणली. सात कॉलेजांनी सरळ सांगितलं, आम्हाला हे पाळता येणार नाही. १९५० मध्ये त्यांना काढून टाकायचा ठराव आला, पण दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. पुढच्या वर्षी आचारसंहिताच गुंडाळली. मग १९५६ मध्ये मधला मार्ग निघाला. खेळासाठी शिष्यवृत्ती द्या, उघडपणे द्या. फी, खोली, जेवण, पुस्तकं. पगार मात्र नको.

इथे गोम आहे. शिष्यवृत्ती ही मदत की मजुरी? मदत असेल तर खेळायला नाही म्हटल्यावर ती थांबायला नको. मजुरी असेल तर कामावर लागलेल्या जखमेची जबाबदारी मालकाची. १९५० च्या दशकात हा प्रश्न कोर्टात गेला, आणि माझ्या मते कॉलेजच्या खेळाचा सगळा इतिहास तिथे वळला.

पहिला माणूस अर्नेस्ट नेमेथ. डेन्व्हर विद्यापीठाचा फुटबॉलपटू. सरावात पाठीला इजा झाली. विद्यापीठाने त्याला टेनिस कोर्टची देखभाल करायचं काम दिलं होतं, महिना ५० डॉलर. ते काम फुटबॉल खेळतो म्हणूनच होतं. खेळ सुटला की काम सुटलं. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हा नोकरच आहे, भरपाई द्या.

देशभरातल्या कॉलेजांच्या पोटात गोळा आला. उद्या प्रत्येक मोडलेला हात दारात येऊन उभा राहिला तर?

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच राज्यात फोर्ट लुइस नावाच्या छोट्या कॉलेजचा रे डेनिसन मैदानात उतरला. बायको-मुलं असलेला माणूस. सामन्यात डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या बायकोने कामगार भरपाईचा दावा केला. दावा कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९५७ मध्ये निकाल लागला. कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नाही, म्हणून हा नोकर नाही. बाईला काही मिळालं नाही.

आमच्या कॉलेजच्या क्लार्कने सदतीस-अडतीस वर्षांनी तेच सांगितलं होतं. फरक इतकाच की त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

याच काळात एनसीएएचा प्रमुख होता वॉल्टर बायर्स. १९५१ ते १९८७, छत्तीस वर्षं. भरपाईचे दावे येऊ लागल्यावर त्याने आणि त्याच्या वकिलांनी एक शब्द घडवला, "स्टुडंट-अ‍ॅथलीट". विद्यार्थी-खेळाडू. नियमांत, पत्रकांत, भाषणांत सगळीकडे हाच शब्द वापरायचा, "खेळाडू" एकटा शब्द वापरायचा नाही, अशी सक्त ताकीद. आपल्याला वाटतं की शिक्षणाचं महत्त्व पटवायला हा शब्द आला. नाही. "कर्मचारी" हा शब्द दाराबाहेर ठेवायला आला. हे मी म्हणत नाही. बायर्सने स्वतः निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून कबूल केलं. आयुष्यभर जी व्यवस्था बांधली ती पोरांचं शोषण करते, असं त्या म्हाताऱ्याने लिहून ठेवलं. तोवर उशीर झाला होता.

कारण शब्द पक्का बसला होता. १९७३ मध्ये शिष्यवृत्ती चार वर्षांची होती ती एकेक वर्षाची केली. म्हणजे कोचच्या मनात आलं नाही तर पुढच्या वर्षी संपली. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्ध खेळताना मानेवर पडला आणि मानेखाली लुळा झाला. वय वीस. त्याने पुढे भरपाई मागितली. राज्याच्या आयोगाने आधी त्याच्या बाजूने निकाल दिला, विमा कंपनीने आव्हान दिलं, आणि २००० साली अपील न्यायालयाने सांगितलं, तो नोकर नव्हता. सव्वीस वर्षं खुर्चीत काढल्यावर.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो.

पहिलं, शिष्यवृत्ती ही क्षुल्लक गोष्ट नाही. तिकडच्या खासगी विद्यापीठाचा चार वर्षांचा खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. ज्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही अशा घरातली हजारो पोरं खेळामुळे पदवीधर झाली. दुसरं, कमाई होते ती मुख्यतः फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये. पोहणं, कुस्ती, धावणं, टेनिस हे सगळं त्याच पैशावर चालतं. अमेरिकेला ऑलिंपिकमध्ये एवढी पदकं मिळतात त्यामागे कॉलेजचे तलाव आणि ट्रॅक आहेत. तिसरं, १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर मुलींच्या खेळाला जी जागा मिळाली ती टिकवायला पैसा लागतो. सगळा पैसा दोन खेळांतल्या ताऱ्यांनी नेला तर बाकीच्यांचं काय? हा प्रश्न खोटा नाही. बहुतेक कॉलेजांचे क्रीडा विभाग स्वतःचा खर्चसुद्धा भागवत नाहीत, हेही खरं.

पण या युक्तिवादात एक जागा दुखते. कुणाच्या घामावर कुणाचा तलाव? फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मोठ्या संघांत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण खूप मोठं आहे, आणि त्यातली कितीतरी गरीब घरातली. आणि "पैसा नाही" हे उत्तर कोचच्या पगाराच्या वेळी कधी दिलं गेलं नाही.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवर एनसीएएची मक्तेदारी बेकायदा आहे. त्यानंतर कॉलेजांना आपापले करार करायची वाट मोकळी झाली आणि पैशाचा पूर आला. खेळाडूंच्या ताटात किती पडलं? ऐका. नियम होता की जेवणाशिवाय मधल्या वेळेला फळं, दाणे आणि पाव देता येईल. पावाला क्रीम चीज लावून दिलं तर नियमभंग! हा विनोद नाही, नियमपुस्तक होतं. २०१४ मध्ये कनेक्टिकटच्या संघाने बास्केटबॉलचं विजेतेपद जिंकलं. त्यांचा शबाझ नेपिअर पत्रकारांना म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. देशभर बोभाटा झाला आणि आठवड्याभरात जेवणावरचे निर्बंध उठवायचा निर्णय झाला. साठ वर्षं जे जमत नव्हतं ते एका वाक्याने जमलं.

मग बांध फुटत गेला. एड ओबॅनन, १९९५ च्या विजेत्या यूसीएलए संघातला खेळाडू, नंतर मोटारी विकायचा. मित्राच्या घरी गेला तर तिथे व्हिडिओ गेममध्ये हाच खेळतोय. उंची तीच, नंबर ३१ तोच, डावखुरा तोच. फक्त नाव नाही, आणि पैसे तर नाहीतच. २००९ मध्ये तो कोर्टात गेला, २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी युनियन मागितली. कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने हिशोब मांडला, हंगामात ही पोरं आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देतात, हे कर्मचारी आहेत. २०१५ मध्ये वरच्या मंडळाने प्रकरणात पडायलाच नकार दिला. पुन्हा तोच शब्द, तेच दार.

२१ जून २०२१ ला ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. मुद्दा मर्यादित होता, शिक्षणाशी संबंधित लाभांचा. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहिलं. "आमच्या मालाचं वैशिष्ट्यच हे की आम्ही मजुरांना पगार देत नाही," असं दुसऱ्या कुठल्याही धंद्याने म्हटलं तर चालेल का, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी विचारला. १ जुलै २०२१ पासून स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. आणि ६ जून २०२५ ला त्याच न्यायाधीश विल्केन यांनी "हाउस" खटल्यातली तडजोड मंजूर केली. २०१६ पासून खेळलेल्यांना सुमारे २८० कोटी डॉलर मागील देणं, दहा वर्षांत. आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक कॉलेजला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटायची परवानगी. ग्रुपवर आलेली बातमी ती हीच.

सगळं छान झालं का? नाही. मागील देण्यातला सुमारे ९० टक्के वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जायचा आहे, म्हणून काही महिला खेळाडू अपिलात गेल्या. संघांची संख्या बांधली, त्यात कडेला बसून सराव करणारी साधी पोरं बाहेर पडली. आणि आपल्या पोरांचं सांगतो. माझ्या मावसभावाची मुलगी टेनिसच्या शिष्यवृत्तीवर तिकडे शिकते. तिच्या संघातल्या अमेरिकन मुली बुटांच्या, ज्यूसच्या जाहिराती करतात. हिला विद्यार्थी व्हिसावर तसं काम करायची मुभा नाही. "काका, मी त्यांच्याच शेजारी खेळते, पण फोटोत बाजूला उभी राहते," म्हणाली. शिष्यवृत्तीसाठी भरपूर कृतज्ञ आहे ती. तरी बाजूला उभं राहणं कळतं ना.

पण माझा मुद्दा याहून वेगळा आहे. एवढे कोटी मंजूर झाले, त्या तडजोडीत एक प्रश्न तसाच ठेवला. हे खेळाडू कर्मचारी आहेत का? २०२४ च्या मार्चमध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली, वर्ष संपता संपता अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी जुलैत फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने म्हटलं की केवळ "हौशी" म्हणून कर्मचारीपण नाकारता येणार नाही. पण ठाम निकाल अजून नाही. ऑगस्ट २०२४ पासून वरच्या गटातल्या कॉलेजांनी खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सुटल्यावरही दोन वर्षं उचलायचा असा नियम आला. चांगलं झालं. पण मोडलेली मान दोन वर्षांत बरी होत नाही.

म्हणजे मोबदला आला. भरपाई राहिली. मोबदला मिळतो तो आज चमकणाऱ्याला, ज्याच्यासाठी बाजार आहे. भरपाई लागते ती पडलेल्याला, ज्याच्यासाठी उद्या बाजार नाही. डेनिसनच्या बायकोने चमकणाऱ्यांसाठी दावा केला नव्हता. १९०६ मध्ये ज्या कारणासाठी संघटना जन्मली, त्या कारणाचं उत्तर सव्वाशे वर्षं होत आली तरी अर्धंच आहे.

म्हणून ग्रुपवरच्या मित्राला माझं उत्तर. शिकायला जातात की कमवायला, हा प्रश्न नंतर विचारू. आधी विचारू, पडल्यावर उचलणार कोण? ज्याच्या कपाटात ढाल जाते, दवाखान्याच्या बिलात त्याचा वाटा असायला हवा की नको? कोट्यवधींची गोष्टच नाही ही.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमचा मुलगा, मुलगी, भाची, पुतण्या कॉलेजच्या संघात असेल तर उद्या ऑफिसात जाऊन विचारा, संघाचा अपघात विमा आहे का, किती रकमेचा, सरावातली दुखापत त्यात येते का. तोंडी नको, कागद बघा. काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा, कॉलेजचं नाव न घेता.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. ते मला कधी काही बोलले नाहीत. फक्त टीव्हीवर कबड्डी लागली आणि कुणाचा पाय अडकला की उठून बाहेर अंगणात जायचे.